आधी एकच प्रोग्रॅम दहा नावांनी पळवून बघा

प्रति,
कोकणातल्या महाविद्यालयीन प्रोग्रॅमिंग स्पर्धांचे संयोजक आणि परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

टेकफेस्ट म्हटले की आपल्याकडे आता पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची वेगाची फेरी ठरलेली. रत्नागिरी असो, चिपळूण असो नाहीतर कुडाळ, पद्धत तीच. सगळ्यांना एक प्रश्न द्यायचा, उत्तर बरोबर आले की प्रोग्रॅमला किती वेळ लागला ते बघायचे, आणि सगळ्यांत कमी वेळ ज्याचा त्याचा पहिला नंबर. निकाल लागतो तेव्हा पहिल्याच्या नावापुढे ०.४१२ सेकंद असतात, दुसऱ्याच्या ०.४१९ आणि तिसऱ्याच्या ०.४२३. मग ट्रॉफी, प्रमाणपत्र, प्राचार्यांबरोबर फोटो, आणि पुढे नोकरीच्या अर्जात एक ओळ. मी पोटासाठी पायथनचेच काम करतो, अधूनमधून अशा फेऱ्यांना परीक्षक म्हणून बसतो. त्या नात्याने जाहीरपणे सांगतो, की ०.४१२ आणि ०.४१९ मधला हा फरक बहुतेक वेळा त्या मुलांच्या प्रोग्रॅममधला नसतोच.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. पुढच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये कुठलाही एक प्रोग्रॅम घ्या, त्याच्या दहा प्रती काढा, दहा खोट्या स्पर्धकांच्या नावांनी जमा करा आणि नेहमीसारखा निकाल लावा. दहाही प्रोग्रॅम अक्षर न् अक्षर सारखे, तरी कोणीतरी पहिला येईल आणि कोणीतरी दहावा. त्या पहिल्या-दहाव्यात जेवढे अंतर पडेल तेवढी तुमच्या मोजमापाची धूसरता. त्याहून कमी फरकाने कोणाला विजेता ठरवायचे असेल तर सरळ चिठ्ठ्या टाका, निदान तेवढी वीज वाचेल.

मागे एका फेरीत एका मुलाने हट्ट करून आपला प्रोग्रॅम परत चालवून घेतला. आकडा वेगळा आला. तो म्हणाला, "सर, प्रोग्रॅम तोच, मगे टाइम कसो बदलता?" परीक्षकांच्या टेबलावरून उत्तर गेले, "कमी आलाय तो धरू." गंमत अशी, की हे उत्तर शास्त्राला धरून होते. फक्त बाकीच्या मुलांना दुसरी संधी मिळाली नव्हती.

टाइम का बदलतो ते आधी बघू. प्रोग्रॅम चालू असताना त्याच मशीनवर अँटिव्हायरस फायली चाळत असतो, विंडोजचे अपडेट उतरत असते, ब्राउझरचे टॅब उघडे असतात, आणि प्रोसेसरला या सगळ्यांना वेळ द्यावा लागतो. शिवाय प्रोसेसरचा वेगही एका जागी थांबत नाही. थंड असताना तो थोडा वेळ आपल्या मूळ वेगाच्या वर जातो, त्याला टर्बो म्हणतात, आणि तापला की स्वतःला वाचवायला खाली येतो. मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये, दुपारी, एकाच लॅपटॉपवर ओळीने सगळ्यांचे प्रोग्रॅम चालवले, तर यादीत वर असलेल्याला थंड मशीन मिळते आणि खालच्याला तापलेले. आडनावाच्या अक्षरावर नंबर जायची ही सोय आपणच करून ठेवली आहे.

जूनमध्ये तर विचारूच नका. पहिल्या पावसात वीज गेली, की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बहुतेक मशीन वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवते. प्रोग्रॅम चालूच राहतो, मुलांना काही कळत नाही, परीक्षकांनाही नाही. अर्धी मुले मुख्य विजेवर मोजली गेली आणि अर्धी बॅटरीवर, तरी निकाल एकच. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. मे महिन्यातली मांडवी एक्स्प्रेस आणि जुलैमधली मांडवी यांच्या वेळा शेजारी ठेवून "जुलैचा ड्रायव्हर मंद" असे आपण कधी म्हणत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र नेमके तेच म्हणतो.

आता त्या "कमी आलेला धरू" कडे येऊ. पायथनबरोबर टाइमइट नावाचे वेळ मोजायचे मॉड्यूल, म्हणजे तयार साधन, फुकट येते. ते दिलेला तुकडा एका मालिकेत पुष्कळदा चालवते, सांगितले नाही तर १० लाख वेळा, आणि त्यातले रिपीट हे फंक्शन (ठरलेले काम करणारा, नाव दिलेला तुकडा) वापरले तर अशा ५ मालिका घेते. त्याच्याच दस्तऐवजात लिहिले आहे की या मालिकांची सरासरी काढत बसू नका, सगळ्यांत लहान आकडा बघा. कारण सोपे आहे. शेजारचे काम मध्ये आले तर वेळ वाढतो, कमी होत नाही. मोठे आकडे म्हणजे प्रोग्रॅम अधिक दुसऱ्याची लुडबुड, आणि सगळ्यांत लहान आकड्यात ही लुडबुड सगळ्यांत कमी. टर्बोचा अपवाद वर सांगितलाच. त्यावर उपाय म्हणजे क्रम मिसळणे. एका मुलाच्या सगळ्या खेपा आधी आणि दुसऱ्याच्या नंतर असे न करता पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा अशा फेऱ्या घ्या. म्हणजे मशीन तापले तर सगळ्यांसाठी तापेल.

पण एकाच बैठकीत हजार वेळा मोजूनही एक गोष्ट सुटते. आवृत्ती ३.३ पासून पायथन प्रत्येक वेळी सुरू होताना स्ट्रिंगांचे (मजकुराच्या तुकड्यांचे) हॅश, म्हणजे ज्यावरून गोष्ट थेट सापडते ते आतले आकडे, नव्याने, यादृच्छिक पद्धतीने बनवतो. हे सुरक्षेसाठी आहे आणि योग्यच आहे. परिणाम असा, की स्ट्रिंगांचा सेट किंवा डिक्शनरी, म्हणजे हॅशवर चालणाऱ्या याद्या, आतून कशा मांडल्या जातील हे त्या-त्या वेळच्या नशिबावर ठरते. पायथन बंद करून पुन्हा उघडला की मांडणी बदलते आणि वेळही थोडा हलतो. म्हणून खेपा वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे दर वेळी पायथन नव्याने उघडून, घ्याव्या लागतात. व्हिक्टर स्टिनर यांनी लिहिलेले पायपर्फ हे साधन नेमके हेच करते. साध्या पायथनसाठी ते ठरावीकपणे २० वेगळ्या प्रोसेस उघडते, प्रत्येकीतली पहिली खेप वार्म-अप म्हणून सोडून देते आणि आकडे फार विखुरले असतील तर स्वतःच तशी सूचना छापते.

हे सगळे अतिसोवळे वाटत असेल तर २००९ सालचे एक काम सांगतो. टॉड मिट्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की प्रोग्रॅमला हातही न लावता नुसत्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांनी (सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमला देते त्या नोंदींनी) मेमरीत व्यापलेली जागा कमी-जास्त केली तरी मोजलेला वेळ बदलतो, आणि तोही एवढा की कंपायलरच्या (प्रोग्रॅमचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) एका सुधारणेने फायदा झाला की तोटा हा निष्कर्षच उलटा होऊ शकतो. त्यांचे प्रयोग पायथनवर नव्हते, सी या भाषेतल्या प्रोग्रॅमांवर होते. पण पायथन चालवणारा इंटरप्रिटर सीमध्येच लिहिलेला आहे. आणि लॉगिनचे नाव त्या व्हेरिएबलांमध्येच असते हे ध्यानात घ्या.

घड्याळाचेही बघा. बहुतेक ठिकाणी टाइम मॉड्यूलमधले टाइम हेच फंक्शन प्रोग्रॅमच्या वर-खाली लावलेले असते. ते भिंतीवरचे घड्याळ आहे. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतली तर ते मधेच पुढे-मागे होऊ शकते. आणि विंडोजवर ३.१२ पर्यंतच्या पायथनमध्ये त्याचा काटाच साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या उड्या मारत पुढे जातो. ज्या निकालपत्रकात तीन-चार मुलांना ०.०१५६ आणि दोघांना चक्क ०.० आले आहे, तिथे घड्याळाने एक उडी मारली की नाही एवढेच मोजले गेले आहे. पर्फ काउंटर हे फंक्शन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, याच कामासाठी दिलेले आहे. वापरायला एक शब्द बदलावा लागतो.

घड्याळ सुरुवातीला आणि शेवटी बघितले जाते, त्या दोन क्षणांच्या मध्ये काय काय येते हा मला सगळ्यांत गंभीर मुद्दा वाटतो. इनपुट मध्ये आले असेल तर तुम्ही मुलाची टायपिंग मोजलीत. पूर्ण प्रोग्रॅम बाहेरून मोजला असेल तर पायथन सुरू होण्याचा वेळ त्यात आला, आणि कोणी पांडाज हे माहितीच्या विश्लेषणाचे मोठे मॉड्यूल आयात केले असेल तर ते उघडण्याचा वेळ कदाचित त्याच्या सगळ्या गणितापेक्षा जास्त भरेल. प्रिंट मध्ये आले असेल आणि प्रोग्रॅम आयडलच्या (पायथनबरोबर येणाऱ्या एडिटरच्या) खिडकीत चालवला असेल तर मग बोलायलाच नको. आयडलमध्ये ओळी छापणे साध्या टर्मिनलपेक्षा खूपच संथ असते. हजार ओळी छापणारा मुलगा आणि त्या जोडून एकदाच छापणारा मुलगा यांच्यातला फरक तिथे खिडकीचा असतो, डोक्याचा नाही.

आता उलट बाजू. काही प्रोग्रॅम इतके वेगवान निघतात की परीक्षकांनी आनंदाने टाळ्या वाजवण्याआधी शंका घ्यावी. पायथन ३ मध्ये मॅप, म्हणजे प्रत्येक आकड्यावर तेच काम करणारा प्रकार, लावला तर तो लगेच काही करत नाही, पुढे कोणी मागेल तेव्हा एकेक उत्तर काढून देतो. एकाने लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने (एका ओळीत पूर्ण यादी बनवायच्या रीतीने) एक लाख आकड्यांचे वर्ग काढले आणि दुसऱ्याने मॅप लिहून तसाच सोडला, तर दुसरा शेकडो पटींनी जिंकतो, कारण त्याने अजून एकही वर्ग काढलेला नाही.

फिबोनाची ही अंकमालिका तर आपल्या स्पर्धांची लाडकी. तिच्यावर एलआरयू कॅश (काढलेली उत्तरे जपून ठेवणारी सोय) लावली की पहिल्या खेपेनंतर उत्तर नुसते खिशातून काढायचे असते. मालिकेतला सगळ्यांत लहान आकडा घ्या असे मीच वर म्हटले, तो इथे खिशात हात घालायचा वेळ दाखवतो. प्रत्येक खेपेआधी कॅश रिकामी करायला हवी.

सॉर्टिंगचा, म्हणजे यादी क्रमाने लावण्याचा, सापळा त्याहून चोरटा आहे. टाइमइटमध्ये तयारीचा भाग प्रत्येक मालिकेच्या सुरुवातीला एकदाच चालतो. यादी तयारीत बनवली आणि मोजायच्या ओळीत तिच्यावर सॉर्ट लावला, तर पहिल्या खेपेला यादी लागते आणि पुढच्या सगळ्या खेपांना आधीच लागलेली यादी पुन्हा लावली जाते. पायथनची अंगची सॉर्टची रीत टिमसॉर्ट, जी टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिली, लागलेली यादी एका फेरीत ओळखते आणि हात झटकून मोकळी होते. मुलाने स्वतः लिहिलेले क्विकसॉर्ट (सॉर्टची दुसरी रीत) प्रत्येक वेळी नवी यादी बनवत असेल तर ते बिचारे दर खेपेला पूर्ण काम करते. तुलना कशाची झाली?

या फसवणुका काही पायथनच्या मालकीच्या नाहीत. पर्ल या दुसऱ्या भाषेत बेंचमार्क नावाचे मॉड्यूल कित्येक वर्षांपासून सोबत येते. त्याला मोजायचा तुकडा अवतरणात, स्ट्रिंग म्हणून दिला, तर तो अशा ठिकाणी चालतो जिथून तुम्ही माय हा शब्द लावून जाहीर केलेली ॲरे (यादी) दिसतच नाही. मग दोन सॉर्टची जी चुरशीची लढत आकड्यांत दिसते, ती दोघांनी रिकामी ॲरे लावण्याची असते. मात्र त्या मॉड्यूलची एक गोष्ट मला फार आवडते. खेपा कमी पडल्या तर ते आकड्याशेजारीच इशारा छापते की हा आकडा भरवशाचा नाही. आपल्या निकालपत्रकांवर अशी एक ओळ असती तर हे पत्र लिहावे लागले नसते.

आणखी एक, लॅबमधल्या मशीनांबद्दल. आपल्याकडच्या काही लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण विंडोज ७ वर चालणारा शेवटचा पायथन म्हणजे ३.८. स्वतःचा लॅपटॉप आणणाऱ्या मुलाकडे ३.११ किंवा त्यापुढचा असतो. ३.११ हा ३.१० पेक्षा पायथनच्या ठरावीक चाचणीसंचावर सरासरी सव्वापट वेगवान असल्याचे पायथनच्या निर्मात्यांनीच जाहीर केले आहे, काही कामांत फायदा १० टक्के तर काहींत ६० टक्के. म्हणजे स्वतःचा लॅपटॉप परवडणाऱ्या मुलाला फेरी सुरू होण्याआधीच पुढे उभे केलेले असते. "स्वतःचे मशीन आणले तरी चालेल" ही नियमावलीतली ओळ वाचायला उदार वाटते. ती काढून टाका. सगळे प्रोग्रॅम एका मशीनवर, एका आवृत्तीत, चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असताना चालवा, आणि आवृत्तीचा आकडा निकालपत्रकावर लिहा.

मग वेगाची फेरी बंदच करायची का? मुळीच नाही. वेग मोजावा, पण जो फरक मशीनच्या लहरीपेक्षा मोठा आहे तो मोजावा. एक प्रश्न उदाहरणादाखल देतो. पहाटे बंदरातून गेलेल्या होड्यांच्या क्रमांकांची एक यादी आणि संध्याकाळी परतलेल्यांची दुसरी. कोण परतले नाही ते सांगा. एक मुलगी परतलेल्यांच्या यादीत, म्हणजे लिस्टमध्ये, एकेक क्रमांक शोधते. दुसरी त्या यादीचा आधी सेट करते आणि त्यात शोधते. होड्या ३० असतील तर दोघींचा फरक शोधूनही सापडणार नाही. दोन्ही याद्या २०,००० च्या केल्या तर पहिलीचा प्रोग्रॅम ४० कोटींपर्यंत तुलना करायला निघतो आणि दुसरीचा झाला सुद्धा. एका बंदरात एवढ्या होड्या कोण आणणार हा प्रश्न योग्य आहे, पण आकडे बनवून घालायला समुद्र लागत नाही.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. याद्या दुप्पट करा, पुन्हा मोजा, आणि नव्या वेळेला जुन्या वेळेने भागा. लिस्टवालीचा भागाकार चारच्या आसपास येतो, सेटवालीचा दोनच्या आसपास. हाच भागाकार जुन्या विंडोज ७ वर करा, नव्या लॅपटॉपवर करा, बॅटरीवर करा, फारसा हलत नाही, कारण भागताना मशीनचा वेग वर-खाली कटून जातो. अट एवढीच, की दोन्ही मोजमापे त्याच मशीनवर, त्याच स्थितीत, लागोपाठ व्हावीत आणि याद्या पुरेशा मोठ्या असाव्यात. माझे मत विचाराल तर फेरीचे निम्मे गुण या भागाकाराला द्यावेत. तो मुलीने काय विचार केला ते सांगतो. उरलेल्या गुणांत उत्तराची अचूकता आणि वाचता येईल असा कोड यांना जागा ठेवा. सात मिलिसेकंद वाचवण्यासाठी कोडचा चिवडा करणाऱ्याला मी तरी नोकरीवर घेणार नाही.

टक्क्यांबद्दल थोडेसे, कारण प्रसिद्धिपत्रकांत ते हमखास चुकतात. १० सेकंदांचे ८ झाले तर वेळ २० टक्के कमी झाला आणि वेग २५ टक्के वाढला. दोन्ही खरे आहे. कुठले म्हणताय ते लिहा, नाहीतर नुसते "१० चे ८" लिहा.

व्यवहारात करायचे काम थोडेच आहे. स्पर्धकांना पूर्ण प्रोग्रॅम मागू नका, एक फंक्शन मागा. परीक्षकाचा प्रोग्रॅम त्याला डेटा देईल आणि उत्तर परत घेईल, त्यामुळे टायपिंग, छपाई, आयात हे सगळे मोजमापाबाहेर राहील. पायथन ३ मध्ये नावे देवनागरीत चालतात, तेव्हा त्या फंक्शनचे नाव खुशाल "सोडवा" ठेवा. प्रत्येक खेपेला डेटाची नवी प्रत द्या, परत आलेले उत्तर प्रत्येक खेपेला तपासा, ते मॅपसारखे आळशी, म्हणजे मागितल्यावरच निघणारे, असेल तर त्याची यादी करून मोजा, आणि वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, क्रम मिसळून खेपा घ्या. टाइमइट मोजताना पायथनचे गार्बेज कलेक्शन (नको झालेल्या मेमरीची सफाई) बंद ठेवते हे विसरू नका. पुष्कळ ऑब्जेक्ट बनवणारा प्रोग्रॅम त्यामुळे उगाच हलका वाटतो, म्हणून ते चालू करून मोजा. आणि आदल्या दिवशी त्या दहा सारख्या प्रोग्रॅमांचा निकाल लावून जी धूसरता सापडेल ती नियमावलीत छापा: "एवढ्या फरकाच्या आत असलेले स्पर्धक बरोबरीत धरले जातील." पहिला क्रमांक तिघांना विभागून द्यावा लागला तर द्या. ट्रॉफी एकच असेल तर ती महाविद्यालयाच्या कपाटात राहू दे.

जुने निकाल बदला असे माझे म्हणणे नाही. ती प्रमाणपत्रे मुलांनी कष्टाने मिळवली आहेत, ती तशीच राहोत. येत्या हंगामापासून मात्र निकालपत्रकावर हजारांश सेकंद छापणे थांबवावे, एवढी विनंती. वर सांगितलेली मोजणी करणारी स्क्रिप्ट मी लिहून ठेवली आहे. ज्या महाविद्यालयाला हवी असेल त्याला ती मिळेल, आणि जवळपासच्या लॅबमध्ये आदल्या दिवशी येऊन बसवूनही देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कुडाळचा एक प्रोग्रॅमर आणि अधूनमधूनचा परीक्षक